चूल बंद, खेळ सुरू

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकल्यांचा शेवटचा घाणा कधीच निघालेला असेल. करंज्यांचे डबे तळाला लागले असतील. भाऊबीजेला जमलेली मंडळी मात्र अजून पांगलेली नसतील, आणि अशाच एखाद्या रात्री जेवणाला फाटा देऊन सगळ्यांनी मिळून चित्रपट पाहायचा बूट कोणीतरी काढील. गाद्या पुढच्या खोलीत येतील, दिवे मालवले जातील, आणि नेमक्या त्या वेळी अंधारातून आवाज येईल, "काहीतरी आंबट-तिखट कर ना गं! गोड खाऊन खाऊन तोंडाला मिठी बसलीय."

'काहीतरी' हा शब्द मोठा लबाड आहे. बोलणाऱ्याला तो फुकट पडतो आणि ऐकणारीला पाऊण तासाला पडतो. बटाटे उकडायला टाकावेत तर कुकरच्या शिट्ट्यांत नायक-नायिकेची पहिली भेट वाहून जाते. भजी तळावीत तर ती तळणारीने उभ्यानेच खायची आणि पडद्यावरची गाणी भिंतीपलीकडून ऐकायची.

आमच्या सासूबाईंची गोष्ट सांगते. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. पुढे काही वर्षांनी आमच्या माटुंग्याच्या घरात संच आला, तो सबंध इमारतीत दुसरा किंवा तिसरा असेल. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. रविवारी संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात पंधरा-वीस माणसे सहज असत. चपला जिन्यापर्यंत. आलेल्याला चहा आणि बशीभर काही दिल्याशिवाय पाठवायचे नाही हा त्या काळचा रिवाज, आणि तो पाळायचे काम एकट्या सासूबाईंचे. त्यांनी शेकडो चित्रपट 'पाहिले', पण सगळे कानांनी. नट त्यांना आवाजावरून ओळखू येत. गाणी तर तोंडपाठ. पिस्तुलाचा आवाज आला की त्या म्हणत, "आता अर्धा तास उरला, चहाचं आधण टाकायला हवं." आणि खुनी कोण हे उलगडायच्या वेळी त्या हमखास कपबशा विसळत असत. एकदा रहस्यपट संपून आठवडा झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारले होते, "तो मिशावाला का गं?" तो मिशावाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली चित्रपट मध्येच थांबवता येतो. येतो, खरे आहे. पण थांबवतो कोण? "तू ये गं, आम्ही सांगतो काय झालं ते," असे म्हणून सगळी पुढे जातात, आणि सांगतात ते असे की त्यापेक्षा न सांगितलेले बरे. म्हणून यंदाच्या पानात मी पाककृतीआधी एक अट घालणार आहे. पहिले दृश्य सुरू होईल तेव्हा करणारी बाहेर बसलेली असली पाहिजे आणि 'समाप्त' होईपर्यंत तिने उठता कामा नये. या अटीत जो पदार्थ बसेल तोच चित्रपटाचा पदार्थ.

अट घातली की भलेभले उमेदवार बाद होतात. फराळाचा चिवडा घ्या. चूल पेटवायला नको हे कबूल, पण त्याला आवाज फार. पाच माणसे एकाच वेळी चिवडा चावू लागली की हळव्या प्रसंगात नायिकेचे ओठ तेवढे हललेले दिसतात. शिवाय दिवाळीच्या चौथ्या दिवशी चिवड्याकडे पाहवत नाही.

भेळ? भेळेवर माझा राग नाही. मुंबईकराने भेळेवर रागावायचे म्हणजे समुद्रावर रागावण्यासारखे. चित्रपटाशी तिचे नातेही जुने. बोरीबंदरला एक्सेलसियर थिएटरजवळच्या विठ्ठल भेळवाल्याकडे खेळ सुटल्यावर जाणाऱ्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील! चिंच-खजुराची चटणी शिजवायलाच हवी असेही नाही. बी काढलेला खजूर आणि चिंच दुपारी पाण्यात भिजत घालून संध्याकाळी जिरे, लाल तिखट, गूळ आणि मीठ घालून वाटली की विस्तवावाचून काम होते. अशी चटणी मात्र त्याच दिवशी संपवावी, ती टिकत नाही. पण भेळेचे खरे दुखणे वेगळेच आहे. कुरमुऱ्याला चटणी लागली की पाच मिनिटांत तो मऊ पडतो. म्हणजे भेळ आधी कालवून ठेवता येत नाही. मंडळी बसल्यावर कालवायची आणि हातोहात द्यायची. त्यात एकाला कांदा नको, दुसऱ्याला तिखट जास्त, तिसऱ्याला शेव वरून आणखी. कालवणारी पातेल्यापाशी उभी ती उभीच. भेळ खावी ती दुसऱ्याने केलेली.

आपल्याला हवा तो उलट्या स्वभावाचा पदार्थ. आधी करून ठेवलेला चालेल असा नव्हे, आधी करून ठेवल्याशिवाय जमतच नाही असा. तो कोकणाने केव्हाच शोधून ठेवला आहे. दडपे पोहे.

नावातच कृती आहे. पोहे कालवायचे आणि वर झाकण ठेवून, त्यावर वजन ठेवून दडपायचे. पोह्यांना शिजवावे का लागत नाही याचे कारण सोपे आहे. ते आधीच शिजलेले असतात. भात, म्हणजे सालीसकटचे धान्य, पाण्यात भिजवतात, तापल्या भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच कुटून किंवा यंत्राने दाबून चपटे करतात. भिजणे आणि भाजणे या दोहोंत दाण्यातली पिठी शिजून जाते. आपल्या वाट्याला उरते फक्त ओल देण्याचे काम. ही ओल पाण्याने दिली तर पातळ पोह्यांचा लगदा होतो. कांदा, काकडी, टोमॅटो आणि ओला नारळ यांच्या अंगच्या रसाने दिली तर दाणा न् दाणा मऊ होतो आणि तरी सुटा राहतो. मीठ-साखर लावली की भाजीला पाणी सुटते, ते पोहे पितात, आणि वरच्या वजनाने ती ओल सगळीकडे सारखी पोचते. सगळी मेख एवढीच.

आम्ही माटुंगेकर या बाबतीत भाग्यवान. स्टेशनच्या पूर्वेला उतरून भांडारकर रोड आणि तेलंग रोडच्या बाजूचा बाजार एक फेरी मारला की सगळे हाताशी येते. शेंडीचे नारळ, कोवळी काकडी, कढीलिंबाच्या जुड्या, केळीची पाने, आणि वाटेत मोगऱ्याच्या वेण्यांचा वास. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाले आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. नव्या इमारतींत दक्षिणेकडची मंडळी मोठ्या संख्येने राहायला आली. त्यांच्यामागून त्यांच्या भाज्या, त्यांची कॉफी आणि त्यांची खाणावळ आली. स्टेशनाशेजारचे रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे. किंग्ज सर्कलचा गौड सारस्वतांचा गणपती १९५५ पासूनचा. याच किंग्ज सर्कलजवळच्या अरोरा थिएटरात रजनीकांतचा चित्रपट लागला की पहाटेपासून गर्दी होत असे आणि त्याच्या चित्राला दुधाचा अभिषेकही होई. सांगायचे म्हणजे पोहे आणि पडदा ही दोन्ही वेडे आमच्या भागाला नवी नाहीत.

नारळ घेताना कानाशी हलवून पाहावा. पाणी खळखळून वाजले पाहिजे, नारळ हाताला जड लागला पाहिजे आणि डोळे कोरडे असले पाहिजेत. डोळ्यापाशी ओल किंवा बुरशी दिसली तर नारळवाल्याच्या गोड बोलण्याला भुलू नये. लिंबे पातळ सालीची, पिवळी. आणि वाण्याकडे 'पोहे' एवढेच म्हणू नका. तो फोडणीचे जाडे पोहे बांधून देईल. पातळ पोहे मागा, पण चिवड्याचे ते अगदी कागदी, नायलॉन पोहे नकोत. ते दडपले की विरघळतात.

आता पाच-सहा माणसांचा हिशोब. पाव किलो पातळ पोहे, एक मध्यम नारळ, तीन कांदे, एक काकडी, एक लालबुंद टोमॅटो, चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढे आले, दोन लिंबे, मूठभर कोथिंबीर, दोन सपाट चहाचे चमचे मीठ आणि तीन चमचे साखर. वाण्याकडचे तयार खारे दाणे वाटीभर.

नारळ फोडताना खाली पातेले धरा. ते पाणी गाळून ठेवायचे आहे. आमच्याकडे नारळ फोडणे हे पुरुषांचे खाते आहे आणि फोडल्यावर पाणी पिऊन टाकणे हेही ते आपलेच खाते समजतात, त्यावर लक्ष ठेवावे लागते. पाणी आधी चमचाभर चाखून पाहा. आंबूस लागले तर तो नारळ बाजूला. खोबरे खोवणीवर खोवताना पांढरे तेवढेच घ्या, पाठीचा तपकिरी भाग आला की थांबा. पोहे चाळून भुसा काढा. धुवायचे मात्र नाहीत. सवयीने हात नळाकडे जातो, तो आवरा.

परातीत आधी बारीक चिरलेला कांदा, मिरची, किसलेले आले, मीठ आणि साखर घ्या आणि हाताने चांगले चुरा. मिरचीने हात भगभगणार असेल तर मिरची खलबत्त्यात मिठाबरोबर ठेचून घाला. कांदा ओलसर दिसू लागला की कोचवलेली काकडी, बारीक टोमॅटो, खोबरे आणि कोथिंबीर घाला. लिंबे पिळा. हे मिश्रण चाखून पाहा आणि ते थोडे जास्तच खारट, जास्तच आंबट लागले पाहिजे. कारण पाव किलो कोरडे पोहे त्यात यायचे आहेत आणि ते सगळी चव पिऊन बसणार आहेत. आपल्या कित्येक घरी दडपे पोहे मिळमिळीत होतात ते या पायरीला हात आखडल्यामुळे.

मग पोहे घाला, हलक्या हाताने खालीवर करा आणि नारळाचे पाणी बोटांनी शिंपडत जा. सगळे पाणी लागेलच असे नाही. पोहे ओलसर झाले, पण मुठीत दाबल्यावर पाणी सुटत नाही, इथे थांबायचे. उतरत्या परातीतून खोल पातेल्यात काढा, पोह्यांवर नेमकी बसेल अशी ताटली ठेवा आणि तिच्यावर वजन. पूर्वी पाट्याचा वरवंटा ठेवीत. आता वरवंटे गेले, तेव्हा पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. वीस मिनिटे झाकण उघडायचे नाही.

ही वीस मिनिटे कशात घालवायची ही चिंता नको. कोणता चित्रपट लावायचा यावर घरात एकमत व्हायला एवढा वेळ लागतोच.

वजन काढले की खारे दाणे मिसळा आणि लगेच वाट्या भरा. आवाजाला हरकत नसेल, म्हणजे चित्रपट मारामारीचा असेल, तर वरून कुस्करलेल्या केळ्याच्या काचऱ्या घाला. आमच्याकडे त्या खोबरेल तेलात तळलेल्या, ताज्या विकत मिळतात. कौटुंबिक चित्रपटाला त्या वर्ज्य. वाटीत चमचा घालून द्या म्हणजे अंधारात हात बरबटत नाहीत आणि गाद्यांवर डागही पडत नाहीत. चटणी ओघळायचा प्रश्नच नाही.

"आणि फोडणी?" असे विचारणाऱ्या मावशीबाई प्रत्येक घरात असतात. कोकणात कित्येक जणी वरून मोहरी-हिंग-हळदीची फोडणी देतात, पोह्याचा पापड भाजून चुरतात, सांडगी मिरचीही तळून घालतात. चांगले लागते, नाही कोण म्हणतो? पण मग चूल आली, कढले आले, मोहरी तडतडेपर्यंत उभे राहणे आले. त्याऐवजी पोहे कालवताना दोन चमचे कच्चे खोबरेल तेल घालून पाहा. खाण्याचे हवे, डोक्याला लावायच्या बाटलीतले नव्हे. कढीलिंबाची पाच-सहा कोवळी पाने अगदी बारीक चिरून मीठ-मिरचीबरोबर चुरली की फोडणीची आठवणही येत नाही.

ही खोबरेलाची युक्ती माझी नव्हे. ती आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या उडुपीकडच्या बाईंची. त्यांच्याकडे याच पातळ पोह्यांना ओले खोबरे, थोडा गूळ, घरची सारूची पूड, मीठ आणि खोबरेल तेल हाताने चोळतात आणि त्याला हचिद अवलक्की म्हणतात. दडपायचे नाही, चोळले की खायचे. सारूची पूड म्हणजे धने, जिरे, मिरे, लाल मिरची वगैरे भाजून केलेली रसमची पूड, माटुंग्यात तयार मिळते. आंबटपणाला त्यात चिंचेचा कोळ घालणाऱ्याही आहेत. रंगाने आपल्या दडप्यांपुढे ती काळीसावळी दिसते, पण तिखटाची चव खोल. पहिल्यांदा त्यांनी वाटी पाठवली तेव्हा मी परत वाटीतून दडपे पोहे पाठवले. "अगदी आमच्यासारखेच, पण लिंबाने बिघडवलेले," असा निरोप आला. तेव्हापासून दोन्ही घरांत हा वाद चालू आहे.

ज्यांना नारळ फोडायचाही कंटाळा, त्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि एकट्या राहणाऱ्यांसाठी तेल-तिखट-मीठ पोहे. पातळ पोह्यांना कच्चे शेंगदाण्याचे तेल, लाल तिखट, मीठ, बारीक कांदा, वर लिंबू. असेल तर चमचाभर मेतकूट. पाच मिनिटांचे काम. दडप्यांची नजाकत त्यात नाही, पण रात्री अकराला लागलेल्या भुकेला नजाकत कोण विचारतो!

हे पोहे डब्यात भरून थिएटरात नेता येतील का, असे एका भाचीने विचारले. नेता येत नाहीत, निदान बहुतेक ठिकाणी नाहीच. बाहेरचे खाणे आत नेऊ द्यावे की नाही यावरून २०१८ साली आपल्याकडे विधिमंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत बरीच चर्चा झाली. शेवटी जम्मू-काश्मीरमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितले की थिएटर ही मालकाची खाजगी जागा आहे, बाहेरचे पदार्थ आणू न देण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी त्याने फुकट दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी आईबापांनी आणलेले खाणे अडवू नये. कायदा मला मान्य आहे. तिथल्या मक्याच्या लाह्यांची किंमत मान्य नाही. पाच जणांच्या लाह्यांच्या पैशांत घरी पाच दिवाळ्यांचे पोहे होतात, आणि लिंबू तर तिथे कोणत्याच भावाने मिळत नाही. दादरचे चित्रा २०१९ साली बंद पडले. जवळची, जिन्यावर ओळखीची माणसे भेटणारी अशी थिएटरे कमी होत चालली आणि चित्रपट आपसूकच दिवाणखान्यात येऊन बसला. मग दिवाणखान्याचे नियम आपणच करायचे.

दादरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तो तयार झाला दादरला, आमच्या शेजारच्या गावात. दादासाहेब फाळक्यांचे नाव तिथल्या रस्त्याला आहे. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत, रात्री फिल्मला भोके पाडीत, रसायने कालवीत, आणि या सगळ्यावर ताण म्हणजे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत. दागिनेही त्यांनीच दिले. आपल्या चित्रपटाचा जन्मच असा एका बाईच्या चुलीच्या उजेडात झाला. तिला वीस मिनिटे दडपून ठेवायचे पोहे परवडले असते की नाही कोण जाणे. साठ माणसांना किती नारळ लागले असते!

कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीला पोहे खायची चाल आहेच. नव्या भाताचे पोहे, दुधातले, दह्यातले, गुळातले. तेव्हा दिवाळीत पोहे म्हणजे काही उणे, असे मानायचे कारण नाही. पहाटे गोडाचे झाले, रात्री आंबट-तिखटाचे होऊ देत.

एक सूचना मात्र नीट लक्षात ठेवा. ओला नारळ आणि चिरलेला कांदा यांचा हा पदार्थ आहे, तो उघड्यावर रात्रभर ठेवू नये. उरलेच तर चित्रपट संपताच झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोहे दोन वाट्या थालीपिठाच्या भाजणीत मिसळावेत, पाण्याचा हबका मारून मळावे आणि तव्यावर थापावे. भाजणीत वेगळे तिखट-मीठ थोडेच घाला, कारण पोह्यांत ते आधीच आहे. वर लोण्याचा गोळा.